उजेड फिरत नाही

मित्रांनो, जुन्या रेडिओवर आवाज कमी-जास्त करायचा गोल नॉब असायचा ना, त्याच जातीचा मी. फक्त अंगाने जरा थोराड. लेथवर ॲल्युमिनियममधून मला घडवलं, कडेला बारीक खाचा पाडल्या, माथ्यावर एक पांढरी रेघ ओढली आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या मोठ्या यंत्रावर बसवलं.

तिथल्या ध्वनिमुद्रकाने मला तीस वर्षं फिरवलं. गाणारीचा आवाज जरा खाली गेला, की त्याची दोन बोटं न बघता माझ्यावर येत आणि मी केसभर वळत असे. लोक त्याच्या हलक्या हाताची तारीफ करत. त्यातली निम्मी मी गुपचूप स्वतःकडे घेई.

पुढे संगणक आला आणि यंत्र भंगारात गेलं. त्याने मला तेवढं काढून खिशात टाकलं. पडद्यावर आता नुसते बारीक आकडे. त्याची नजर अधू झालेली. चष्मा सावरून आकडा सापडेपर्यंत गाण्यातली ती जागा निघून जाई. एक दिवस जेवताना त्याने सांगून टाकलं, की महिनाअखेर आपण काम सोडणार.

त्याची लेक संगणकाच्या पडद्यांसाठी चित्रं काढायची. तिने मला मागून घेतलं, दिव्याखाली ठेवलं आणि तीन दिवस खपून माझी खाच न् खाच, सावली, चकाकी पडद्यावर उतरवली. मी तर हरखून गेलो. बापाने मात्र पडद्यावरचा तो नॉब फिरवून बघितला आणि मान हलवली. हे काही खरं वाटत नाही, म्हणाला. लेकीचा चेहरा उतरला.

मग त्याने मला दिव्याखाली धरून सावकाश वळवलं.

"नीट बघ. रेघ फिरते, खाचा फिरतात. उजेड कुठे फिरतोय? दिवा जागेवरच आहे ना."

तिने पडद्यावरचा नॉब पुन्हा फिरवून पाहिला. "मी सगळं चित्रच फिरवत होते, बाबा. चकाकीसकट."

तिने चकाकी आणि सावली वेगळी काढून जागच्या जागी ठेवली आणि तो नॉब बापाच्या कामाच्या संगणकात आकड्यांशेजारी बसवून दिला. दुसऱ्या दिवशी गाणं चालू असताना त्याने पडद्यावरचा नॉब केसभर वळवला. आवाज हवा तिथे आला. आकडा बघायला तो विसरूनच गेला. महिनाअखेर आली नि गेली. काम सोडायची गोष्ट त्याने काढली नाही, आणि घरात कुणी विचारलंही नाही.

मी आता लेकीच्या टेबलावर असतो. कुणी वळवत नाही, याचं थोडं वाईट वाटतं. पण मित्रांनो, एवढं ऐका: जुनी वस्तू टाकायच्या आधी, ज्याने ती वापरली त्या माणसाच्या हातात एकदा देऊन बघा. आणि तो काय म्हणतो, ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.