बुजवलेल्या टोकाकडून

माझे बोलणे ऐकायचे असेल, तर थोडे वाकावे लागेल. मी बागेतली बोलनळी. माझे एक कर्ण्यासारखे तोंड घसरगुंडीजवळ आहे. दुसरे पलीकडच्या हिरवळीवर होते. मधला लोखंडी देह जमिनीखाली. एका तोंडाशी कुजबुजलेले दुसऱ्याशी स्पष्ट ऐकू यावे, एवढ्याचसाठी मला घडवले. मुले मनसोक्त ओरडत. मोठी माणसे आधी इकडेतिकडे पाहत, मग हळूच "हॅलो" म्हणत.

पुढे हिरवळीच्या जागी वाहनतळ झाला. माझे दुसरे तोंड सिमेंटने बुजवले गेले आणि मुलांनी माझा नाद सोडला.

मग शिंपीणबाईंची लेक येऊ लागली. तिला सारे चिमणी म्हणत. घर बदलल्यापासून तिने बोलणेच टाकले होते. सगळे उपाय करून बाई थकल्या होत्या. माझ्याशी मात्र ती घडाघडा बोले. मध्येच थांबे, कान लावी आणि खुदकन हसे.

झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याला बाई हरखून म्हणाल्या, "बघा मामा, कशी पोपटासारखी बोलतेय! पलीकडे कुणाचं पोर असतं हो?"

"चेष्टा करताय की काय, ताई? ते तोंड मीच बुजवलंय. आता त्यावर गाड्या उभ्या असतात."

बाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पिशवीतल्या चिंध्या त्यांनी माझ्या तोंडात गच्च कोंबल्या आणि लेकीला ओढतच नेले.

उत्तर कोण देत होते, हे मलाही निश्चित सांगता येणार नाही. खालून येणारा श्वास गार असे, एवढेच मला जाणवे.

काही दिवसांनी दोघी परतल्या. चिमणी पुन्हा मुकी झाली होती. बाईंनी चिंध्या उपसल्या. "बोल गं बाई, हवं तेवढं बोल. मी नाही रागावणार."

चिमणीने ओठ उघडले. आवाज फुटला नाही. तो माझ्यातून आला.

"आई, किती गं वेळ लावलास! केव्हाची हाका मारतेय मी."

आवाज चिमणीचाच होता. चिमणी मात्र आईचे बोट धरून, ओठ पुन्हा मिटून उभी होती.

आता बाई रोज येतात. चिमणीला घसरगुंडीवर सोडतात आणि लेकीशी बोलायला माझ्यापाशी बसतात.

मला उपटून टाकण्याचे घाटत आहे, असे ऐकते. माझी हरकत नाही. फक्त त्याआधी कोणीतरी तिला बाहेर काढा. मी फार प्रयत्न केला. माझ्यातून वर येतो तो केवळ आवाज.