दादारावांची नासपती

२०२२ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. मी अमेरिकेत अल्फारेटाला सुमंतकडे, माझ्या मुलाकडे राहते. शेजारी राकेश आणि त्याचे आईवडील, रत्नाबाई आणि दादाराव. दादारावांनी नागपूरकडे सरकारी रोपवाटिकेत तीस वर्षं नोकरी केलेली. इथे आल्यावर त्यांनी अंगणात नासपती लावली. सातव्या वर्षी तिला पहिल्यांदा फळं धरली आणि त्याच हिवाळ्यात दादारावांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. दिवसभर खिडकीतून ते झाड तेवढं बघायचे.

त्या सकाळी मी आमच्या सफरचंदाचे काळे पडलेले शेंडे कापत होते. कुंपणापलीकडून रत्नाबाई म्हणाल्या, "शैलाताई, मधल्या फांद्या खिडकीच्या आड येतात. यांना फळं दिसत नाहीत. कापून द्याल?"

मी तीच कात्री घेऊन गेले.

"नीट कापा हो, साहेब बघतायत! आयुष्यभर माळ्यांवर ओरडले."

"मी फी घेणार, सांगून ठेवते."

"घ्या. पहिली दोन फळं तुमची!"

मी फांदी कापली. खिडकी उघडीच होती. दादाराव डावा हात चादरीवर घासत होते, पुढेमागे, पुढेमागे. नजर माझ्याकडे.

"त्यांना तोंड पुसून हवंय बहुतेक," मी म्हणाले.

रत्नाबाईंनी आत जाऊन पुसलं. दादारावांनी मान फिरवली आणि ते पुन्हा हात घासायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं.

"हल्ली असंच, कशानेही रडू येतं," रत्नाबाई म्हणाल्या. मी आणखी पाच फांद्या कापल्या.

पंधरा दिवसांत नासपतीचे शेंडे भाजल्यासारखे काळे झाले. राकेश नर्सरीत फोटो दाखवून आला.

"मावशी, इन्फेक्शन आहे. ते विचारत होते, आधी दुसरं आजारी झाड कापलं होतं का? प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी लागते म्हणे."

मला दादारावांचा तो हात दिसला. त्यांना तोंड पुसायचं नव्हतं. ते मला कात्री पुसायला सांगत होते.

मी त्यांच्या पलंगाशी गेले. "दादाराव, चुकले हो मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे.

राकेश आणि मी काळ्या भागाच्या खाली हात-हातभर कापत गेलो, दर वेळी कात्री पुसून. तरी काळेपणा खोडात उतरलाच. आता औषध नाही, असं नर्सरीवाल्याने सांगितलं. सुपारीएवढी झालेली फळं फांदीवरच वाळली. जुलैत माणसं यंत्र घेऊन आली. रत्नाबाई पडदा ओढायला गेल्या, तर दादारावांनी डाव्या हाताने पडदा घट्ट धरून ठेवला. बुंधा पडेपर्यंत ते बघत होते. मी कुंपणाशी उभी होते. त्यांच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

दादाराव पुढच्या वर्षी गेले. राकेश कामानिमित्त वेस्ट विंडसरला गेला, घर विकलं. आमचं सफरचंद जगलं. सुमंतची मुलं त्याची फळं खातात, मी खात नाही. रत्नाबाई नागपूरला उपासनाकडे, लेकीकडे असतात. दर रविवारी फोन करतात. मी नासपतीचा विषय काढला की म्हणतात, "जेवलात का, शैलाताई?"