झाकणावरचं कुंकू

"वास घे," कोंडिबा म्हणाला आणि त्यानं बायकोची चिमणी तिच्याच नाकाखाली धरली.

"घासलेट हाय," बाळाबाई म्हणाली. "काल बी घासलेटच हुतं. परवा बी."

"पेट्रोल न्हाई ना?"

"पेट्रोल असतं तर तुमी आन् मी हितं बोलत बसलो असतो व्हय?"

हे कोंडिबाला पटलं. त्यानं बायकोला संशयितांतून तात्पुरतं वगळलं.

कोंडिबा भाटघरच्या धरणावर सरकारी नाव चालवायचा. आधी वल्ही मारायचा. मग कुठल्याशा दुसऱ्या धरणावर म्हातारं झालेलं एक इंजीन इकडे आलं आणि नावेच्या मागं लटकलं. दसऱ्यापर्यंत ते नीट चाललं. त्यानंतर त्यानं एक रीत धरली. काठावरून झोकात निघायचं, पाण्याच्या मध्यावर दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. कोंडिबा टाकीचं झाकण फिरवून उघडी. त्या वेळी इंजीन एक बारीकसा उसासा टाकी. आत पाहावं तर पेट्रोल जागच्या जागी. झाकण लावून दोरी ओढली की पुन्हा सुरू, आणि थोड्या वेळानं पुन्हा बंद.

यावरून कोंडिबानं निष्कर्ष काढला की कोणीतरी पेट्रोल चोरतंय, आणि आपण पाहायला गेलो की परत आणून ठेवतंय.

चोरीचा अंदाज त्याला आधीच आला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, इंजिनाची पूजा करताना त्याला झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक दिसलं होतं. टाकीचं तोंड चांगलं वाटीएवढं होतं आणि झाकण कोणालाही फिरवता येत होतं, पण त्यात त्याला धोका दिसला नाही. चोर इतकं उघड काम कशाला करेल? त्यानं भोकात मेण भरलं, खूण म्हणून वर स्वतःचा अंगठा उमटवला आणि त्यावर हळदीकुंकू थापलं. रोज सकाळी तो कुंकू जागेवर आहे का पाही आणि वर नवा थर देई.

उरला नजीर. नजीर कापूरहोळचा मिस्त्री. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीवर पेट्रोलचे डबे घालून तोच आणायचा आणि इंजीनही तोच बघायचा. काठावर गोणपाट पसरून त्यानं कार्बुरेटर चार वेळा खोलला. जेट फुंकला, फ्लोट कानाशी धरून हलवला, पेट्रोल दुपदरी फडक्यातून गाळलं. काठाला बांधलेल्या नावेत इंजीन लग्नातल्या वाजंत्र्यासारखं वाजे. नजीरला पोहता येत नव्हतं, म्हणून तो नावेत कधी बसत नसे. पाण्यातल्या इंजिनाचा मिस्त्री जमिनीवरच राही.

त्याचाही संशय ठरलेला होता. "दादा, तुमी यात घासलेट मिसळताय," तो म्हणे, आणि दरवेळी आधी झाकण उघडून वास घेई. बाकी त्यानं इंजिनाचा खिळान् खिळा पुसला. झाकणावरच्या कुंकवाला मात्र हात लावला नाही. दुसऱ्याच्या पूजेला फडकं मारायचं नाही, हे जन्नतबीनं, त्याच्या आईनं, त्याला लहानपणीच शिकवलं होतं.

एकदा धरणाचे ओव्हरसियरसाहेब मध्यावर अडकले आणि टोपीनं पाणी मारत काठाला आले. त्यांनी दोघांना उभं केलं. "शनिवारपर्यंत तुमच्यातला एक चोर ठरवा. दोन नकोत, लिहायला फार लागतं."

शुक्रवारी सकाळी कोंडिबा एकटाच साहेबांच्या बंगल्यावर गेला आणि नजीरचं नाव सांगून आला.

शनिवारी नजीर आला तो सरळ नावेशी. "दादा, आज मी बसतो."

"पोहता येतं का?"

"न्हाई."

"मंग?"

"मंग काय? हळू चालवा."

तो पुढच्या फळीवर बसला आणि दोन्ही हातांनी नाव अशी धरली, जणू तीच बुडायला घाबरतेय. कोंडिबाला संशय आला. चोर एवढा घाबरत नाही.

मध्यावर इंजीन दोनदा खोकलं आणि थांबलं. नजीर रांगत मागं आला. "उघडा झाकण."

कोंडिबानं उघडलं. सूंऽऽ.

"हे काय वाजलं?"

"उसासा टाकतंय. रोजचंच हाय. दमतंय बिचारं."

"आन् हे मला आजवर सांगितलं न्हाई?"

"उसाशाचं काय सांगायचं?"

"दादा, ते उसासा टाकत न्हाई, हवा आत वढतंय! पेट्रोल खाली उतरायचं तर वरनं हवा आत जायला पायजे. टाकी गुदमरतीया." नजीरनं झाकण उन्हात धरलं. "हवेचं भोक कुठाय? हे पुसू का?"

"देवाचं हाय."

"म्हणून तर इचारतोय."

कोंडिबानं धोतराच्या सोग्यानं स्वतःच कुंकू पुसलं. खाली मेण निघालं. मेणावर ठसठशीत अंगठा.

"ह्यो कुणाचा?" नजीरनं विचारलं.

कोंडिबानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो ओळख देईना.

नजीरनं चाकूच्या टोकानं मेण अलगद काढलं, भोक फुंकलं आणि मेणाची टिकली कोंडिबाच्या तळहातावर ठेवली. "ठेवा जपून."

दोरी ओढली. पलीकडचा काठ आला, वळसा झाला, अलीकडचा काठ आला. इंजीन एकदाही खोकलं नाही. उतरल्यावर नजीर जमिनीवर जरा बसला.

"काल सांजच्याला सायबाचा शिपाई कापूरहोळला येऊन गेला," तो म्हणाला. "उद्यापासनं येऊ नको म्हणाला. पण बिघाड काय ते कळल्याबिगर जायला बरं वाटंना."

कोंडिबाचा हात मेणावर मिटला. "तुला ठावं हुतं? आन् तरी माज्या नावंत बसलास?"

"बुडालो असतो तर तुमी काडलं असतंच की. चोर का असंना."

तो डब्यांची रिकामी दोरी खांद्यावर टाकून सडकेकडे गेला.

कोंडिबा तसाच बंगल्यावर गेला. मेण दाखवलं, भोक सांगितलं, अंगठाही पुढं केला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"नजीरला काढलं आणि इंजीन सुधारलं. खरं की खोटं?"

"खरं, पर—"

"मग चोर तोच."

कोंडिबा स्वतःही असाच विचार करत आला होता.

पुढं इंजीन कधी बंद पडलं नाही. साहेब नावेत डुलक्या घेऊ लागले. नाव रिकामी असली, की कोंडिबा मध्यावर आपल्या हातानं इंजीन बंद करी. पुढची फळी मोकळी असे. तो झाकण उघडून कान लावी. काही वाजत नसे. मग तो झाकण परत फिरवी, कडेला धरून, भोकावर अंगठा पडू न देता.