सवूच्या हळदीची कॅसेट

"हळद लागली गं, सवू माझी पिवळी झाली,
झेंडूच्या वाफ्यावरी उन्हाची तिरीप आली..."

भागीबाईंचा हा आवाज माझ्यावर उमटला तेव्हा मी कोरी होते. मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळं अंग, पोटात दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तीन तासांची पट्टी. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली, नाशिकजवळच्या मखमलाबादच्या एका फुलांच्या मळ्यातली. भागीबाईंच्या लेकीचं, सविताचं लग्न होतं. मांडवात हळद सुरू झाली आणि भागीबाईंनी जी गाणी उचलली, ती ऐकून बँडवालेसुद्धा गप्प उभे राहिले.

लग्न दीड तासात माझ्यावर मावलं. उरलेली दीड तासाची पट्टी कोरीच राहिली. मग फोटोग्राफरनं माझ्या पाठीवरचा छोटा दात मोडला. तो मोडला की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. "आता हिला कुणी पुसू शकायचं नाही," तो म्हणाला. मला केवढा अभिमान वाटला!

सविताचा भाऊ धनराज अंबडच्या कंपनीत कामाला होता. त्यानं एक जुना व्हीसीआर घरी आणला. दर भाऊबीजेला सविता घोटीहून माहेरी आली की मला लावायचे. हळदीची गाणी संपली की सविता म्हणायची, "बास, दादा. बंद कर." पुढचं लग्न तिनं कधी पाहिलं नाही. बारावीनंतर तिला शिकायचं होतं. घरच्यांनी घोटीचं स्थळ पक्कं केलं. त्या रागात पाठवणीच्या वेळी ती आईशी एक शब्द बोलली नव्हती. माहेराहून निघताना लेक 'येते' म्हणते. तिनं तेवढंही म्हटलं नव्हतं. पुढं राग गेला, पण अढी जिभेवर बसली. दर भाऊबीजेनंतर ती पिशवी उचलून म्हणायची, "चालले गं."

"चालले नाय म्हणू, सवे. येते म्हणावं."

"बस चुकंल आई," एवढं म्हणून सविता पायरी उतरायची.

ती गेली की धनराज मला पूर्ण मागं फिरवून ठेवायचा. व्हिडिओ लायब्ररीवाल्यानं लावलेली ही सवय. न फिरवलेली कॅसेट परत नेली की तो चारचौघांत बोलायचा. भागीबाई म्हणायच्या, "उष्टं ताट ठेवू नये, तशी अर्धी कॅसेट ठेवू नये." मळ्यातल्या त्या घराचा तो नियमच झाला. त्या नियमानंच पुढं घात केला.

मग घरात केबल आली आणि धनराजच्या लेकीला, पल्लवीला, परदेशी गाण्यांचं वेड लागलं. शाळेतून आली की ती टीव्हीपुढं बसायची. पडद्यावर धूर, दिवे, केस मोकळे सोडून गिटार वाजवणारी माणसं. शेजारी भागीबाई झेंडूचे हार ओवत बसायच्या.

"ह्याच्या घरी कोन गेलंय का गं? येवढा का वरडतो?"

"आजी, ते रॉक आहे. तसंच गातात."

"आन् ह्या सगळ्यांच्या अंगात एकदमच आलं व्हय?"

पण एके दिवशी एका बँडची ड्रम वाजवणारी बाई दिसली आणि भागीबाईंची सुई थांबली. "पोरीच्या मनगटात लय जोर हाय बघ," त्या म्हणाल्या. "हिला लगनात बोलवाया पायजे."

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत भागीबाई गेल्या. त्यानंतर त्यांचा आवाज या जगात एका जागीच उरला होता. माझ्यावर.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच बँडवरचा माहितीपट टीव्हीवर लागला. शेवटी पाटी आली, येत्या रविवारी दुपारी तीन वाजता दीड तासाचा पूर्ण कार्यक्रम. पल्लवीला तो जपून ठेवायचा होता. आजीला आवडलेली ती ड्रमवाली होती ना त्यात! घरात दुसरी कॅसेट नव्हती. तिनं रविवारी सकाळी मला पुढं पळवलं, लग्न संपून कोरी पट्टी लागली तिथं नेमकं थांबवलं. मोडलेल्या दाताच्या खळग्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे मशीन फसतं. मला तसंच आत ठेवून ती फुलं तोडायला गेली.

दुपारी धनराज पाळीवरून आला. पाहतो तर कॅसेट अर्धी. त्यानं सवयीनं मला मागं फिरवलं आणि जेवायला बसला.

तीन वाजता पल्लवी धावत आली आणि तिनं बटण दाबलं.

मित्रांनो, माझी पट्टी सुरुवातीपासून सरकू लागली. हळदीचं पातेलं पुसलं गेलं, मांडव पुसला गेला, भागीबाईंच्या बांगड्या, मग त्यांचा आवाज. मला ओरडता येत नव्हतं. पण खरी लाज पुढंच आहे. ते संगीत माझ्या अंगात उतरलं तेव्हा मला ते आवडलं. एका आईला पुसत होते आणि मी ताल धरला होता.

कार्यक्रम संपायला पाच मिनिटं असताना वीज गेली. मशीन थांबलं. म्हणजे लग्नाची शेवटची पाच मिनिटं, पाठवणी, वाचली. हे फक्त मला ठाऊक होतं.

संध्याकाळी वीज आल्यावर पल्लवीनं घरच्या नियमानं मला पूर्ण मागं फिरवलं आणि लावून पाहिलं. पहिल्याच क्षणाला हळदीऐवजी ड्रम वाजले. तिचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला. तिनं मला बाहेर काढलं आणि लोखंडी पेटीत गोधड्यांच्या तळाशी लपवलं. भाऊबीजेला सविता म्हणाली, "पलू, आईची कॅसेट लाव गं."

"तिला बुरशी लागली, आत्या. मशीन बिघडंल."

सवितानं पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाली, "असू दे. फेकू नको मात्र."

नऊ वर्षं मी त्या पेटीत होते. कॅसेटींचे दिवस सरले, सीडी आल्या. पल्लवी पेटी उघडायची, मला हात लावायची आणि परत झाकायची. मित्रांनो, तुमच्या हातून असं काही घडलं तर लगेच सांगून टाका. लपवलेल्या चुकीखाली काय शिल्लक आहे, ते कुणी बघत नाही. आणि कुणाचा आवाज तुमच्यापाशी असेल तर तो शेवटपर्यंत ऐका, 'बास' म्हणून मध्येच थांबवू नका.

दोन हजार आठ साली पल्लवीचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी सविता आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलली, "नाशिक रोडला एकजण बुरशी साफ करून सीडी करून देतो. काढ ती कॅसेट. उद्या तुझ्या हळदीला आईच गाईल."

पल्लवीनं मला पेटीतून काढलं आणि छातीशी धरलं.

"आत्या, बुरशी नव्हती. माझ्या हातून पुसली गेली. मी रॉकचा प्रोग्रॅम भरला हिच्यावर. कोऱ्या जागी लावून ठेवली होती गं, कशी मागं गेली कळलं नाही. मी खोटं बोलले तुझ्याशी."

दारात धनराज उभा होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "मागं मी फिरवली असंल," तो हळूच म्हणाला.

सविता खाली बसली. मला वाटलं, आता ही मला चुलीत घालणार. पण ती म्हणाली, "दादा, मशीन काढ. आईच्या जागी काय आलं ते बघू दे मला."

धूळ पुसून व्हीसीआर लावला. तिघंही कार्यक्रम बघत राहिले. ड्रमवाली आली तेव्हा पल्लवी हुंदका देत म्हणाली, "आजी म्हणाली होती, हिला लग्नात बोलवायला पाहिजे." सविता रडता रडता हसली.

मग वीज गेली होती ती जागा आली. पडद्यावर मुंग्या नाचल्या. पल्लवीचा हात बटणाकडं गेला. मी सगळा जीव चाकांत आणला. थांब, पोरी, थांब!

"राहू दे," सविता म्हणाली.

मुंग्या विरल्या. मळ्याच्या वाटेवर फुलांनी सजवलेली जीप दिसली. आत मान वळवून बसलेली नवरी. आणि बांधावरून तो आवाज आला, थकलेला, पण सुरातला:

"लेक निघाली सासरी, मागं बघंना गं बाई,
शिवेच्या दगडाला पुसते, सवू बोलली का काही..."

जीप सुरू झाली. भागीबाईंनी हात वर केला.

सविता उठली, पडद्याजवळ गेली. डोक्यावरून पदर घेतला, काचेवर हात टेकला आणि म्हणाली,

"येते गं, आई."