कानात तेल घालणारी पळी

मी पितळी पळी बोलतेय. "कान दुखला की तेल सोडायचं, का म्हणून विचारायचं नाही," हा या घरातला नियम माझ्याहूनही जुना. कटकच्या कासारानं मला ठोकून घडवलं आणि जेजेमा, म्हणजे आताची आजी, नवरी होऊन आली तेव्हा तिच्या भांड्यांत मी आले.

फोडणीचं काम मला कधी मिळालं नाही. मी फक्त कानांसाठी. मोहरीचं तेल, लसणाच्या पाकळ्या आणि निखारा. मला पाहिलं की पोरं पळत आणि मोठी माणसं त्यांचे पाय धरत. पुष्कळांना बरंही वाटायचं, म्हणून माझ्यावर कुणी संशय घेतला नाही.

आज रजाचा सण, पावसाच्या तोंडावर धरती विटाळशी मानून तिला विसावा देण्याचा. आंब्याला झोके बांधलेले. जेजेमाची सात वर्षांची नात टुकुनी उभ्यानं झोका घेताना सुटली आणि तिचं डोकं मुळावर आपटलं. कानामागे काळंनिळं झालं. कानातून आधी रक्त आलं, मग नुसतं पाणी. तिचे आईबाप सुरतेला यंत्रमागावर कामाला. घरात निर्णय थोरल्यांचा.

"घाण बाहेर पडतेय, चांगलंच आहे," जेजेमा म्हणाली आणि तिनं मला निखाऱ्यावर ठेवलं. तेल तडतडू लागलं. ते पाणी मला मात्र ओळखीचं वाटलं नाही. हा कान नेहमीसारखा नव्हता.

तेवढ्यात टुकुनीची थोरली बहीण लोपामुद्रा आली. "टुकू, पोडपिठाची करपलेली कड तुला ठेवलीय हं!"

एरवी सणाच्या त्या भाजलेल्या गोड पिठ्याच्या कडेसाठी मारामाऱ्या करणारी पोर धड कान उशीत दाबून, उजव्या कुशीवर डोळे उघडे ठेवून पडली होती. हललीसुद्धा नाही. लोपा तिच्यासमोर वाकून पुन्हा बोलली.

"अपा, तू नुसतं तोंड का हलवतेस?" टुकुनीनं ताईला विचारलं.

लोपा ताडकन उभी राहिली. "हिचा वरचा कान गेलाय! पाणी डोक्यातून येत असेल. तेल घालू नका!"

"पडल्यावर कान बधिरतो," बडबापा, तिचे थोरले काका, म्हणाले. "लहानपणी मी नाही झाडावरून पडलो? तेलानं सुटतो."

"तुमचा कधी सुटला, बडबापा?"

"काय?" म्हणत त्यांनी सवयीनं चांगला कान तिच्याकडे वळवला.

लोपानं प्रश्न पुन्हा विचारला. त्यांचा हात बहिऱ्या कानाकडे गेला.

"भुवनेश्वरच्या कॉलेजनं तुझे कान चांगलेच भरलेत," जेजेमा कडाडली. "रजात पोरीचा पाय भुईला लागायचा नाही. दवाखाना सण सरल्यावर." तिनं मला उचललं. मी टुकुनीच्या कानावर आले, कलू लागले. धरती दुभंगावी असं मला वाटलं.

लोपानं जेजेमाचं मनगट पकडलं. मला हिसकावून चुलीत पालथं केलं. "थेंबसुद्धा पडणार नाही. आणि पाय भुईला कशाला लागेल? खाटेसकट नेते. बडबापा, धरा ती बाजू."

बडबापांनी उठून खाट धरली.

खाट घेऊन टेम्पो दवाखान्याकडे निघून गेलाय. मी राखेत पडलेय, अजून गरम. टुकुनीचा कान उघडेल का, कोण जाणे. मला आता फोडणीला घ्या, नाहीतर मोडीत घाला, पण कानापाशी नेऊ नका. जेजेमा खाटेच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलीय.