दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये

दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना आमची गाडी काही वेळ कुठेच नसते. सुरुवातीला हा वेळ पापणी लवण्याइतका होता. गेल्या सोमवारी मी घड्याळ लावून मोजला, तो अकरा मिनिटं भरला.

गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणजे गिअर कधी बदलायचा ते तीच ठरवते. सांगलीहून निघालं की विश्रामबागच्या आसपास ती दुसरा सोडते. इंजिन ओरडायला लागतं, काटा चढतो, आणि तिसरा काही पडत नाही. बाहेर रस्ता नसतो, दुकानं नसतात. काचांना चारी बाजूंनी न घासलेल्या स्टीलच्या डब्याचा रंग येतो. मग धाडकन झटका बसतो आणि आम्ही पुन्हा मिरजेच्या रस्त्यावर असतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असतात.

मागच्या सीटवर आक्का असते, माझी थोरली बहीण. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा, सकाळी आठला, तिला मिरजेच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर घेतात. गेल्या पंधरवड्यात आम्ही चारदा उशिरा पोचलो. तिथल्या लोंढे सिस्टर म्हणाल्या, "काका, आणखी एकदा उशीर झाला तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला जाईल. मग माझ्या हातात काही नाही."

"गाडी मध्येच नसते हो," मी म्हणालो.

"मग लवकर निघा."

लवकर निघून पाहिलं. जितकं लवकर निघालो तितका मधला वेळ वाढला. दुसऱ्यातच रेटत नेली तर इंजिन तापलं. रिक्षा बोलावली तर आक्का दारातल्या पायरीवरून उठेना.

"मला तुझ्याच गाडीतून जायचंय, मुकुंदा."

शेवटी गाडी गॅरेजात नेली. मुजावर मिस्त्रीने गिअरबॉक्समधली ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, फडक्याला पुसली आणि फडकं माझ्या नाकाशी धरलं. रंग काकवीसारखा आणि वास करपल्याचा.

"नवं असताना हे लालभडक असतं, साहेब. कधी बदललंय?"

"माहीत नाही. मी जुनी घेतली ही गाडी."

"चालली किती?"

"तीन लाख बारा हजार."

मिस्त्री थोडा वेळ गाडीकडे आदराने बघत राहिला. "ऑइल बरोबर आणा," तो म्हणाला. "दुसरं काहीतरी पडलं तर तिसरा कधीच येणार नाही."

ऑइलचं दुकान हुक्केरींचं. काउंटर हातभर रुंद, पलीकडे ते स्वतः आणि त्यांच्या मागे छतापर्यंत डबे.

"ह्या गाडीला कुठलं ऑइल लागतं?" हुक्केरींनी विचारलं.

"तेच विचारायला आलोय."

"आत्ता कुठलं आहे?"

"माहीत नाही."

काउंटर वीतभर वाढलं. हुक्केरी तेवढेच मागे सरकले.

"पुस्तकात काय लिहिलंय?"

मी गाडीचं पुस्तक उघडलं. त्यात ऑइलचा एक आकडा होता आणि खाली लिहिलं होतं की हे ऑइल आयुष्यभराचं आहे, बदलण्याची गरज नाही.

"कुणाच्या आयुष्यभराचं?" हुक्केरींनी विचारलं.

"माहीत नाही."

काउंटर आणखी रुंद झालं. आता त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागत होतं. त्यांनी तिकडून तीन डबे घसरवत पाठवले. पहिला सगळ्या गाड्यांना चालतो म्हणे. दुसरा खूप चाललेल्या गाड्यांसाठी, त्याने सुकलेली रबरी सीलं मऊ होतात. तिसऱ्यावर फक्त पुस्तकातला आकडा होता.

"सगळ्या गाड्यांना चालणारं माझ्या गाडीला चालेल का?" मी ओरडलो.

"सगळ्यांना चालतं!"

"पण माझ्या?"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

मला इतका संताप आला की मी तिन्ही डबे उताणे केले. डब्यावरची अक्षरं मी वाचेन तशी बारीक होत होती, म्हणून मी उलटीकडून, शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या डब्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत पुस्तकातलाच आकडा सापडला. म्हणजे जुन्या गाडीचं आणि पुस्तकातलंही. मी तो उचलला. हुक्केरी एव्हाना शेंगदाण्याएवढे दिसत होते. त्यांनी हात केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी आक्का डबा बघून म्हणाली, "बदलू नको."

"का?"

"तिथं मध्ये मला तहान लागत नाही."

डॉक्टरांनी तिला दिवसाला पाऊण लिटर पाणी सांगितलंय. उरलेला दिवस ती बर्फाचा खडा गालात धरून नळाकडे पाठ करून बसते. मला हे माहीत होतं. तरी मी चिडलोच.

"आक्का, मशीनवर गेली नाहीस तर आठ-दहा दिवसांत..."

"मी तीस वर्षं गणित शिकवलंय. दिवस मोजता येतात मला."

दुसऱ्या दिवशी मी ऑइल बदलायला गेलो. मिस्त्रीने सगळं जुनं काढायला नकार दिला. "जुन्याच्या जोरावर गिअर धरतायत. सगळं काढलं तर धरायचंच सोडतील. आज अर्धं काढू, अर्धं भरू. उरलेलं पाचशे किलोमीटरनंतर."

बुधवारी सात पंचवीसला निघालो. विश्रामबागला काचा स्टीलच्या झाल्या. साडेपाच मिनिटांत झटका बसला आणि समोर रस्ता आला. मला हायसं वाटलं. आरशात पाहिलं, तर मागची काच अजून स्टीलचीच होती.

"आक्का, निघालो बाहेर."

"तू निघालास," ती म्हणाली. आवाज कानाशी होता. "मी आहे इथंच."

पुढची अर्धी गाडी घेऊन मी मिरजेला पोचलो. आठला आठ मिनिटं कमी होती. बऱ्याच दिवसांनी वेळेवर. लोंढे सिस्टर व्हीलचेअर घेऊन फाटकाशी आल्या.

"पेशंट?"

"मागे आहे."

माझ्या सीटच्या मागे गाडी संपत होती. सिस्टरनी ते पाहिलं, खुर्चीचा ब्रेक लावला आणि हवेत हात घातला. हात कोपरापर्यंत दिसेनासा झाला. त्या चाचपडत राहिल्या.

"हँडल सापडलं. पण काका, दार आतून धरलंय कुणीतरी."

"ओढा."

"ओढतेय की!"

मी उतरलो. त्यांच्या हाताशेजारी माझा हात घातला. हँडल थंडगार आणि ओलं होतं. पाय रोवून आम्ही दोघांनी एकदम ओढलं. तेव्हा आतून कुणीतरी, अजिबात घाई न करता, एकेक करून आमची बोटं सोडवायला सुरुवात केली.