अकरा–एक आणि नेस्टरची दाढी

अकरा–एक. आकडा आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी सात–दोन वगैरे सांगत फिरायला नको. एल्मर आत्ताच "आठ-नऊ झाले असतील" म्हणायला लागलाय, आणि तो अख्खी मॅच माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता.

शनिवारी दुपारी दोनची मॅच, आइस हॉकीची. प्लेऑफची फायनल, शेजारच्या ओस्टनशी. सात मॅचपैकी चार जिंकल्या की कप. पहिल्या दोन आम्ही जिंकल्या होत्या, आणि तिसरी तर आमच्याच रिंकमध्ये, आमच्याच बर्फावर. हॅल्व्हर गावातल्या सगळ्या चुली बंद करून लोक बाकांवर येऊन बसले होते. कोणी म्हणे आज पाच गोल मारू, कोणी म्हणे सहा.

पहिल्या बारा मिनिटांत चार गोल खाल्ले. आमचा गोलकीपर शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे अकरापर्यंत मोजायला त्याला काही जड गेलं नाही, चकती अडवायला तेवढी जड गेली. आमचा जो एक गोल झाला, तो ओस्टनच्याच एका गड्याच्या बुटाला लागून आत गेला. तरी आम्ही उठून असे नाचलो की जणू कप घरी आला. लाज नावाची चीज आमच्या गावात उन्हाळ्यातही नसते, मार्च महिन्यात कुठून असणार?

आमच्या स्कोअरबोर्डावर पाहुण्यांच्या बाजूचा दहाच्या घरातला दिवा चार वर्षांपासून गेलेला आहे. बदलला नाही, कारण कधी लागलाच नाही. त्यामुळे शेवटी बोर्डावर दिसत होतं एक–एक. पाद्रीबुवा एका अंत्यविधीहून धावतपळत पोचले, वर बघितलं आणि टोपी उडवून ओरडले, "बरोबरी! देव आहे रे बाबांनो!" त्यांना खरं सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. ते एकटेच शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते.

रविवारी गाव सुतकात. सोमवारी सकाळी दहाला लोरेनच्या कॅफेत आमची बैठक भरली. ही बैठक रोज भरते. आम्ही तीन-चार निवृत्त शेतकरी, एक एल्मर (ह्याने जन्मभर धान्याच्या गोदामात वजनं केली, म्हणून तो स्वतःला न्यायाधीश समजतो), कडू कॉफी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर आमचं मत. त्या दिवशी विषय एकच होता, दोष कोणाचा?

"गोलकीपरचा," एक जण म्हणाला.

"तो कशाला? तो बिचारा दोन मॅच ह्याच पायांवर जिंकला ना?" मी म्हणालो. "आपल्यापैकी कोणीतरी काहीतरी बदललंय. खरं खरं बोला."

ह्यावर कोणी हसलं नाही. प्लेऑफ सुरू झाल्या की हॅल्व्हरमध्ये काहीही बदलायचं नसतं. ट्रक त्याच जागी, तोंड त्याच दिशेला. एल्मर पाच आठवडे एकच लोकरीची आतली विजार घालतो, आणि हे त्याने सांगायची गरज पडत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कप मिळेपर्यंत किंवा टीम बाहेर पडेपर्यंत गावातल्या एकाही पुरुषाने दाढी करायची नाही. माझी मुळातच मोठी, ती आता छातीपर्यंत आली होती. बँकेतला मॅनेजरसुद्धा डाकू दिसायला लागला होता.

"मी पायांवरचे केसपण काढले नाहीयेत," लोरेन काउंटरमागून म्हणाली. "दाखवू?"

"नको, नको," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

तेवढ्यात दार उघडलं आणि नेस्टर ह्रिनचुक आत आला. नाकापर्यंत मफलर, वर टोपी, मधे नुसते डोळे. शनिवारी रिंकमध्येही तो असाच बसला होता. बाहेर उणे बावीस होतं, म्हणून मी तेव्हा काही मनावर घेतलं नव्हतं. आत मात्र लोरेनने हीटर असा लावला होता की लोणी वितळावं. नेस्टर खुर्चीवर बसला, मफलर काढेना. कॉफी आली. त्याने इकडेतिकडे बघितलं, कप मफलरच्या खालून वर सरकवला आणि घोट घ्यायला गेला. निम्मी कॉफी गळ्यात आणि निम्मी सदऱ्यात.

"नेस्टर," मी म्हणालो, "मफलर काढ."

"घसा धरलाय."

"घसा गळ्यात असतो रे, नाकात नसतो. काढ."

त्याने काढला नाही. मग एल्मरने हात लांबवून काढला. आणि आमच्यासमोर नेस्टरची हनुवटी आली. गुळगुळीत, गुलाबी, बाळाच्या ढुंगणासारखी.

पुढची पाच मिनिटं कॅफेत जे बोललं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, अकराच्या अकरा गोल नेस्टरने खाल्ले, एक एक करून, वस्तऱ्याच्या एकेका फटक्याबरोबर.

"कधी केलीस?" एल्मरने विचारलं.

"शनिवारी सकाळी."

"मॅचच्या दिवशी! अरे, चोर तरी रात्र बघतो!"

"का केलीस पण?" मी विचारलं.

नेस्टर कपाकडे बघत राहिला. हा माणूस तसा भोळसट. खोटं बोलता येत नाही, आणि खरं सांगायचं नसलं की भिंतीसारखा गप्प बसतो. "केली," एवढंच म्हणाला. "रोज करावी लागणार आहे आता."

रोज! माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर मूठ आपटली आणि तिथल्या तिथे निकाल दिला. उद्या, मंगळवारी, चौथ्या मॅचला नेस्टर ह्रिनचुकने रिंकमध्ये पाऊल टाकायचं नाही. एवढंच नाही, तर गावाच्या पाटीच्या बाहेर ट्रक लावून बसायचं, मॅच संपेपर्यंत, रेडिओ बंद ठेवून. सगळ्यांनी हात वर केले. लोरेननेही केला.

"बरं," नेस्टर म्हणाला. मफलर गुंडाळला आणि उठला.

हे "बरं" मला झोंबलं. माणूस भांडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर मी समाधानाने दुसरी कॉफी मागवली असती. चाळीस वर्षं त्याच बाकावर, माझ्या डाव्या हाताला बसणारा माणूस. त्याला गावाबाहेर काढलं आणि तो म्हणतो बरं. मी त्याच्या मागे बाहेर गेलो.

"काय लपवतोयस रे, म्हाताऱ्या? बाई ठेवलीस की काय?"

तो चक्क हसला. "तसंच समज. तीन वाजता वृद्धनिवासात ये, दाखवतो."

वृद्धनिवास म्हणजे मेन स्ट्रीटच्या टोकाची पिवळी इमारत. नेस्टरची बायको स्टेफी दीड वर्षापासून तिथे आहे. तिची आठवण जात चालली आहे. मी नाताळात एकदा जाऊन आलो होतो, केकचा डबा टेबलावर ठेवला होता आणि दहा मिनिटांत पळ काढला होता. त्यानंतर फिरकलो नाही. कारण विचाराल तर रस्त्यावर बर्फ फार होता. इमारत माझ्या घरापासून सहाशे पावलांवर आहे.

स्टेफी काय बाई होती म्हणून सांगू! रिंकमधला सगळ्यात मोठा आवाज तिचा. दोन पंचांना तिने रडवलंय, त्यातला एक तिचा सख्खा भाऊ होता. प्लेऑफमध्ये दारात उभी राहून ती एकेका पुरुषाची हनुवटी हाताने चाचपायची आणि मगच आत सोडायची. दाढीचा नियम गावात कोणाच्या जिवावर चालला असेल, तर तिच्याच.

तीन वाजता मी गेलो. नेस्टर व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता, तिच्या खोलीच्या दाराशी. हातात झाकण घातलेली वाटी.

"बस," तो म्हणाला. "मारिसेल, इथली नर्स, तिचे केस विंचरतेय. झालं की आत जाऊ."

"आधी दाढीचं सांग."

"तेच सांगतोय. प्लेऑफ सुरू झाल्या, मी दाढी ठेवली. आठवड्याभरात ती मला ओळखेनाशी झाली. तोवर मला ओळखत होती रे, बाकी कोणालाच नाही, पण मला रोज. मग एक दिवस आत गेलो तर किंचाळली. म्हणाली, कोण हा घरात शिरलाय, माझा नवरा येईल, तंगडं मोडेल तुझं."

"मग?"

"मग मी इथे बसायला लागलो. ह्या खुर्चीवर. चार आठवडे. दाराच्या फटीतून बघायचो."

"अरे, पण तेव्हाच करायची ना दाढी!"

नेस्टरने माझ्याकडे असं बघितलं की जणू गणितात नापास झालेलं पोर मीच आहे. "आपण जिंकत होतो, ऑर्विल."

मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि हे मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

"शुक्रवारी मारिसेलने फोन केला," तो पुढे म्हणाला. "तीन दिवस जेवली नाही म्हणे. घास नेला की तोंड मिटते. म्हणते, नेस्टर आला की आम्ही दोघं बरोबर जेवू. मी इथे, दारात, आणि ती आत माझी वाट बघत उपाशी." त्याने वाटीचं झाकण नीट बसवलं. ते आधीच नीट होतं. "शनिवारी सकाळी केली. दोन घास खाल्ले तिने. काल तीन."

मला लाज वाटली. सोमवारी सकाळी मूठ आपटून न्याय करणारा मी, माझी मूठ कुठे ठेवावी ते कळेना. "उद्या माझ्या डावीकडे बस," मी म्हणालो. "पाटीबिटी काही नाही. एल्मर काही बोलला तर त्याची विजार सगळ्या गावासमोर धुवायला लावतो."

मारिसेल बाहेर आली. फिलिपिन्सहून आलेली मुलगी, आवाज गोड, हात घट्ट. "या आजोबा," ती नेस्टरला म्हणाली. मग माझी दाढी बघून थबकली. "हे पण येणार आत?"

"दारातच उभा राहतो," मी म्हणालो.

स्टेफी खिडकीशी बसली होती. अर्धी झाली होती. मनगटं पाहवेनात. नेस्टर समोर गेला, आणि तिचा चेहरा उजळला, अगदी माझ्या डोळ्यांदेखत. "कुठे होतास?" ती म्हणाली. "कधीची बसलेय."

"आलो ना," तो म्हणाला, आणि चमचा भरला. बटाटा-चीजच्या करंज्या त्याने साईत कुस्करून आणल्या होत्या.

पहिला घास तिने घेतला. दुसऱ्याला तोंड फिरवलं आणि मी दिसलो. "हा कोण भामटा? नेस्टर, हाकल त्याला. चमचे मोजून ठेव."

"राहू दे ग, थंडीचा आत आलाय. तू खा."

"नको. पोट भरलं." ओठ घट्ट मिटले. नेस्टर चमचा धरून बसून राहिला. मग तिने अचानक विचारलं, "शनिवारी काय झालं?"

नेस्टरने माझ्याकडे बघितलं. "हरलो ग."

"किती?"

सांगितलंच ना, ह्याला खोटं जमत नाही. "अकरा–एक."

स्टेफी हळूहळू खुर्चीत ताठ झाली. डोळ्यांत ती जुनी, रिंकच्या दारातली धार आली. आणि तो आवाज, जो मी दोन वर्षांत ऐकला नव्हता, तो निघाला.

"कोणी दाढी केली?"

नेस्टरची गुळगुळीत हनुवटी तिच्यापासून वीतभर अंतरावर होती. त्याने तोंड उघडलं. तो कबूल करणार होता, गाढव. ती त्याला हाकलून देणार आणि पुन्हा उपाशी बसणार.

"मी!" मी ओरडलो. "मी केली, स्टेफी."

आणि छातीवर रुळणारी दाढी घेऊन मी दोन पावलं आत गेलो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दाढी बघितली, मग डोळे बघितले.

"ऑर्विल टॉर्गसन," ती म्हणाली. "तूच असणार. दुसरा कोण इतका बैल आहे ह्या गावात?"

मारिसेलने तोंडावर हात ठेवला. नेस्टर हललाच नाही.

"अकरा गोल!" स्टेफी कडाडली. "तुझ्या बापाने कधी गावाची अशी माती केली नव्हती! तोंड दाखवायला आलास वर?" श्वास घ्यायला तिने तोंड उघडलं, आणि नेस्टरने चमचा आत घातला. रागारागात चावला तिने, गिळला, आणि पुन्हा सुरू. माझा ट्रक, माझी अक्कल, माझ्या आईचा केक. दर शिवीमागे एक चमचा.

ती थकायला लागली तेव्हा वाटीत अजून निम्मं होतं. नेस्टरने माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले.

"आणि स्टेफी," मी म्हणालो, "आठ वर्षांपूर्वीची सेमीफायनल आठवते? तेव्हा पण मीच केली होती."

"काय?" ती गरजली, आणि तोंड उघडलं.

वाटी रिकामी होईपर्यंत मी एकेक गुन्हा कबूल करत राहिलो.